मेनूबार परत द्या: पतसंस्थांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सहकारी पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांचे संचालक, डिझायनर आणि प्रोग्रॅमर यांस

स.न.वि.वि.

जुनी डेस्कटॉप आवृत्ती ३१ मार्चला बंद होईल आणि १ एप्रिलपासून सगळ्या शाखांनी नव्या वेब आवृत्तीवरच काम करायचं, असं आमच्या पुरवठादाराने कळवलं आहे. नवी आवृत्ती आम्ही काही शाखांत चालवून पाहिली. व्याजाची आकारणी बरोबर आहे, तेरीज जुळते, रोजच्या बॅकअपची कटकट गेली. त्याबद्दल आभारच. पण पडद्याच्या वरचा मेनूबार काढून टाकला आहे. ‘मास्टर, सभासद, ठेव, कर्ज, व्यवहार, अहवाल, मदत’ हे सात शब्द गेले आणि त्यांच्या जागी डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आल्या. पतसंस्थेचा सगळा कारभार आता त्या तीन रेघांच्या पोटात आहे.

ही तक्रार आम्ही आधी फोनवर केली, मग मेलवर. ‘मॉडर्न यूआय आहे, युजर हळूहळू सरावतील’ असं उत्तर आलं आणि तिकीट बंद झालं. म्हणून हे जाहीर पत्र. पुरवठादाराचं नाव घेत नाही, कारण शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेचा पुरवठादार निराळा आहे आणि त्यांच्याकडेही हेच झालं आहे. तेव्हा पत्र तुम्हा सगळ्यांनाच आहे. तुमचं सॉफ्टवेअर दिवसभर वापरणारे कॅशियर, क्लार्क आणि शाखाधिकारी यांनीही ते वाचावं.

मी कोण, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि सारखा वाजणारा फोन. त्याआधी शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानांसाठी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत प्रोग्रॅम लिहायचे. वर ‘आवक, सौदे, पट्टी, उधारी, अहवाल’ असे शब्द आणि प्रत्येकाखाली उघडणारी यादी. भारतीय लिपी पडद्यावर दाखवणारं सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेल्या मशीनवर ती मराठीतही दिसायची. जन्मभर चोपड्या लिहिलेले दिवाणजी चष्मा कपाळावर सरकवून एफ-टेन दाबायचे आणि बाणाच्या कळांनी बरोबर शेतकऱ्याच्या पट्टीवर जाऊन थांबायचे. त्यांना कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं. वरचे शब्द वाचता येत होते, तेवढं पुरलं. म्हणजे मेनू लिहिणं काय असतं हेही मला माहीत आहे आणि तो चुकला की फोन कुणाला येतो हेही.

मेनूबार ही कुणाची हौस नव्हती. त्याच्याआधी डीबेससारख्या माहिती साठवण्याच्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावर एक ठिपका यायचा आणि त्याच्यापुढे कर्सर लुकलुकायचा. पुढे काय टाइप करायचं हे ज्याला पाठ, त्याचंच काम पुढे जायचं. १९८३ मध्ये ॲपलच्या लिसा या संगणकावर आणि १९८४ मध्ये मॅकिंटॉशवर पडद्याच्या माथ्यावर शब्दांची ओळ आणि तिच्यातून खाली उतरणाऱ्या याद्या आल्या. १९८७ मध्ये आयबीएमने ‘कॉमन युजर ॲक्सेस’ नावाची नियमावली काढली: एफ-वनवर मदत, एफ-टेनने मेनूबारवर उडी, आणि ज्या ओळीपुढे आणखी माहिती विचारली जाणार तिच्या शेवटी तीन टिंबं. तुमच्यापैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नसेल, पण तुमच्या जुन्या आवृत्तीत ‘खातेउतारा’ या शब्दापुढची ती तीन टिंबं याच नियमावलीतून आलेली होती. एक प्रोग्रॅम शिकलेल्या माणसाला दुसरा निम्मा आधीच यावा, एवढाच त्यामागचा हेतू. आता तीन रेघांपाशी आमची माणसं पुन्हा त्या ठिपक्यासमोर येऊन बसली आहेत: आत काय आहे हे ज्याला पाठ, त्याचंच काम पुढे जातं.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी तक्रार फोनची आहे. शाखेतून क्लार्क विचारते, ‘मॅडम, सोनेतारणचं नूतनीकरण कुठंय?’ जुन्या आवृत्तीत माझं उत्तर ठरलेलं होतं: ‘वरचा चौथा शब्द, कर्ज. तो उघड. मधल्या रेघेच्या खाली दुसरी ओळ.’ सापडलं, फोन ठेवला. परवाचा संवाद जसाच्या तसा देते.

‘डावीकडं तीन रेघा दिसतात का?’
‘कुठं?’
‘लोगोच्या शेजारी.’
‘हां, दाबल्या. आता खातं नंबरच झाकला की मॅडम.’
‘राहू दे. खाली चित्रं आहेत ना? त्यातलं कर्जाचं दाब.’
‘कर्जाचं कुठलं? एक पाकीट आहे, एक माणूस आहे आणि एक… हे पाण्याचं पिंप आहे का?’

ते पिंप म्हणजे डेटाबेसचं चिन्ह. तुमच्या ऑफिसात ते सगळ्यांना कळत असेल. आमच्या काउंटरवर नाही कळत. आणि हा संवाद चालू असताना समोर एक बाई पुरचुंडीत पाटल्या बांधून उभ्या होत्या, त्यांच्या मागे रांग होती. मेनूतले शब्द नुसते वाचायचे नसतात, ते एकमेकांना सांगायचे असतात. फोनवर, शेजारच्या टेबलावर, नव्याने लागलेल्या पोराला, तपासणीला आलेल्या लेखापरीक्षकाला. चित्र तसं सांगता येत नाही. बरं, बाजूने सरकत येणारा तुमचा पॅनेल नेमका तोच फॉर्म झाकतो ज्यात बघून पुढचं काम करायचं असतं. खाली उतरणारी यादी थोडीच जागा घ्यायची, आणि निवड झाली की लगेच मिटायची.

दुसरी तक्रार ओळी गायब होण्याची. ‘कर्ज वाटप’ ही ओळ जुन्या आवृत्तीत दिवस सुरू केलेला नसला तर फिकी दिसायची. दिसायची, पण दाबता यायची नाही. आता ती नाहीशीच होते. रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या शाखेतून फोन येतो, ‘सॉफ्टवेअर बिघडलंय, कर्ज वाटपच नाही.’ एका शाखेतली नवी मुलगी तर रडवेली झाली होती. तिला वाटलं, आदल्या दिवशीच्या कॅशच्या फरकामुळे तिचा अधिकार काढून घेतला. झालं एवढंच होतं की शाखाधिकाऱ्यांनी अजून ‘दिवस सुरू’ केला नव्हता.

हे करायला अवघड आहे, असं कृपा करून मला सांगू नका. फॉक्सप्रोमध्ये मेनूची ओळ लिहिताना शेवटी ‘स्किप फॉर’ असं लिहून अट घातली की अट लागू असेपर्यंत ती ओळ आपोआप फिकी व्हायची. तुमची जुनी आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधली, तिथे ‘एनेबल्ड’ला (म्हणजे दाबता येण्याला) ‘फॉल्स’ करायचं की ‘व्हिजिबल’ला (म्हणजे दिसण्याला), एवढाच एका शब्दाचा फरक. त्या एका शब्दावर काउंटरवरच्या बाईची सकाळ अवलंबून असते. फिकी ओळ सांगते, हे काम इथेच होतं, फक्त आत्ता नाही. गायब ओळ काहीच सांगत नाही. उलट त्याहून पुढे जाऊन फिक्या ओळीवर थांबल्यावर कारणच दाखवा: ‘दिवस सुरू केलेला नाही’, ‘हा अधिकार शाखाधिकाऱ्यांना आहे’. लपवण्यात सुरक्षितता आहे, हे कारणही पटत नाही. अधिकार आहे की नाही हे सर्व्हरने तपासायचंच असतं, ओळ दिसो वा न दिसो. ज्या शाखेत लॉकरच नाहीत तिथे ‘लॉकर’ लपवलं तर माझी हरकत नाही, कारण ते तिथे कधीच लागणार नाही. कधी लागणार नाही आणि आत्ता लागत नाही, यातला फरक तुमच्या प्रोग्रॅमला कळला पाहिजे.

तिसरी तक्रार हलत्या याद्यांची. नव्या आवृत्तीत प्रत्येक विभाग उघडला की आधी ‘अलीकडे वापरलेले’ येतात आणि बाकीचे ‘आणखी’च्या मागे जातात. काल पहिल्या ओळीवर असलेलं व्हाउचर आज तिसऱ्या ओळीवर. हाताला जागा पाठ होण्याआधीच जागा बदलते. आणि पतसंस्थेत वर्षातून एकदाच लागणारी कामं हीच सगळ्यात जोखमीची असतात. लाभांश वाटप, ‘आय’ नमुन्यातली सभासद नोंदवही, ‘जे’ नमुन्यातली यादी, थकबाकीदारावर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याची कारवाई करायची तर लागणारा संपूर्ण उतारा. यातलं काहीच ‘अलीकडे’ वापरलेलं नसतं. ज्या दिवशी ते हवं असतं त्या दिवशी लेखापरीक्षक खुर्ची ओढून शेजारी बसलेले असतात. हा प्रयोग नवाही नाही. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये कमी वापराच्या ओळी दडवून ठेवणारे मेनू आणले होते. ज्यांनी ते वापरले त्यांना विचारा. घरोघरी पहिलं काम काय होतं, तर ते सेटिंग बंद करणं.

चौथी तक्रार कळांची, म्हणजे कीबोर्डची. काउंटरवरच्या माणसाचा उजवा हात नोटा मोजत असतो नाहीतर व्हाउचर धरून असतो. डाव्या हाताने ऑल्ट-टी, एम. उघडली मुदत ठेव. ‘ठेव’ हा शब्द मराठीत आणि त्याच्या शेजारी कंसात खाली रेघ असलेलं इंग्रजी टी, अशी सोय तुम्हीच जुन्या आवृत्तीत केली होती आणि ती उत्तम होती. देवनागरी अक्षराखालीच रेघ मारली असती तर उकाराशी तिची गल्लत झाली असती. ज्याने कुणी हा विचार केला होता त्याला माझा नमस्कार सांगा, तो अजून तुमच्याकडे असेल तर.

आता हे सगळं ब्राउझरमध्ये गेलं आणि ब्राउझरच्या कळा आधीच राखीव आहेत. क्रोममध्ये ऑल्ट-डी दाबलं की वर पत्त्याच्या चौकटीत जातो, ऑल्ट-एफ दाबलं की क्रोमचाच मेनू उघडतो. कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की टॅबच बंद. आणि एफ-फाइव्ह! आमची निम्मी माणसं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर शिकून आली आहेत. टॅलीत एफ-फाइव्ह म्हणजे पेमेंट व्हाउचर, एफ-सिक्स म्हणजे रिसीट, हे त्यांच्या बोटांत बसलेलं आहे. ब्राउझरमध्ये एफ-फाइव्ह म्हणजे पान पुन्हा चढवणं. अर्धवट भरलेलं व्हाउचर, हमीदारांच्या नावांसकट, क्षणात कोरं. ही चूक आमच्या माणसांची नाही. कंट्रोल-डब्ल्यू पानाला अडवता येत नाही हे मान्य, पण एफ-फाइव्ह अडवता येतं आणि निदान ‘भरलेली माहिती जाईल, चालेल का?’ एवढं विचारता येतंच. शिवाय ब्राउझरशी न भांडणारी कळांची जोडणी ठरवून तिचा एक पानाचा तक्ता देणं काही अशक्य नाही. आज असा तक्ताच नाही. सपोर्टच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, ‘मॅडम, टॅब टॅब करत जायचं.’

पाचवी तक्रार लहान वाटेल, पण दिवसभरात फार छळते. तीन रेघांच्या आतल्या यादीतून जी उपयादी उजवीकडे उघडते, तिच्याकडे माउस तिरका नेला की वाटेत शेजारची ओळ लागते आणि हवी ती उपयादी मिटून भलतीच उघडते. माउस आधी सरळ आडवा न्यायचा आणि मग खाली, असं आता आमची माणसं शिकली आहेत. शाळेत पट्टीने रेघ मारतात तशी. हा प्रश्न जुना आहे आणि सुटलेला आहे. मॅकवर ॲपलचे ब्रूस टॉग्नाझिनी यांनी उपयादीच्या दिशेने एक त्रिकोणी पट्टा मोकळा सोडला होता. माउस त्या पट्ट्यातून जात असला तर उपयादी मिटत नसे. विंडोजने साधा उपाय केला, उपयादी उघडण्याआधी ४०० मिलिसेकंद थांबायचं. तुमच्या मेनूत यातलं काहीच नाही. माउस सरकला की मिटलं. आमच्याकडे स्वस्तातले माउस आहेत, रेक्झिनच्या टेबलावर ते उड्या मारतात, आणि सगळ्यांचे हात पंचविशीतले नाहीत.

सहावी तक्रार थोडक्यात. ‘दिवसअखेर’ आणि ‘दिवसाचा अहवाल’ एकमेकांना चिकटून आहेत, एकाच आकाराचे, एकाच रंगाचे. पूर्वी त्यांच्यामध्ये आडवी रेघ होती. ती परत घाला. शक्यतो दिवसअखेर दुसऱ्याच मेनूत ठेवा.

सातवी तक्रार मी आमच्या एका सहकाऱ्याच्या वतीने लिहिते आहे. त्यांना दिसत नाही. एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं मोफत स्क्रीन रीडर लावून ते अनेक वर्षं ठेवींच्या नूतनीकरणाचं काम बघतात, आणि चोख बघतात. जुन्या आवृत्तीत मेनूबार विंडोजच्या पद्धतीचा होता. बाण दाबला की यंत्र ओळीचं नाव वाचायचं, आत उपयादी आहे का ते सांगायचं, इतक्यांपैकी कितवी ओळ तेही सांगायचं. नव्या आवृत्तीत तीन रेघांवर गेलं की यंत्र ‘क्लिकेबल’ एवढंच म्हणतं. आतल्या चित्रांना नावंच दिलेली नाहीत. पॅनेल उघडला तरी कर्सर मागेच राहतो. वेबवरच्या मेनूने स्क्रीन रीडरला काय सांगायचं हे ‘वाय-एरिया’ या मानकात लिहून ठेवलेलं आहे: हा मेनूबार, ही मेनूची ओळ, ही उघडलेली आहे, ही मिटलेली. बाणाच्या कळा, एंटर, एस्केप यांनी काय व्हावं याचे नमुनेही लोकांसमोर आहेत. आपल्या देशात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे आणि भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२ हे मानक नेमकं याच विषयाचं आहे. आमच्या या सहकाऱ्याने १ एप्रिलपासून काय करायचं, ते एका वाक्यात लिहून पाठवा. बाकी तक्रारींना उशिरा उत्तर दिलंत तरी चालेल, या एका तक्रारीला नाही.

आता तुमची बाजू. मोबाइलवर जागा नसते म्हणून तीन रेघा आल्या, हे मला ठाऊक आहे. ते चिन्ह मुळात १९८१ च्या झेरॉक्स स्टार या संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी काढलेलं, म्हणजे नवंसुद्धा नाही. आमच्या पिग्मी एजंटांच्या फोनवर ते जरूर ठेवा. त्यांना तिथे तीन-चार कामांपलीकडे काही करायचंच नसतं. पण काउंटरवर १९ इंची मॉनिटर आहे. त्याच्या वरच्या भागात तुमचा लोगो, आमच्या संस्थेचं नाव, ‘सुप्रभात’ आणि आजचं हवामान एवढं सगळं मावतं. सात शब्दांना तेवढी जागा नाही?

‘मायक्रोसॉफ्टनेही मेनूबार काढलाच की’, हे मला सपोर्टवरच ऐकवलं गेलं. २००७ मध्ये ऑफिसमध्ये मेनूबारच्या जागी रिबन, म्हणजे बटणांची रुंद पट्टी, आली हे खरं. पण पुढचंही पाहा. रिबनवर वरच्या ओळीत शब्दच आहेत. ऑल्ट दाबलं की प्रत्येकावर कळेचं अक्षर उमटतं. आणि २००३ च्या मेनूच्या जुन्या कळा एक्सेलने अजून सांभाळल्या आहेत. आमचे हिशेबनीस आजही फक्त आकडे चिकटवायचे तर ऑल्ट, ई, एस, व्ही असंच दाबतात. तो ‘एडिट’ मेनू पडद्यावरून कधीच गेला, त्याची कळ मात्र चालू आहे. एवढंच कशाला, लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमवाल्यांना सवय होती म्हणून एक्सेलमध्ये तिरकी रेघ दाबली तरी मेनू जागा होतो. वापरणाऱ्याची सवय सांभाळायची म्हणजे काय, ते यातून शिकण्यासारखं आहे. मॅकवरच्या ऑफिसमध्ये तर रिबनही आहे आणि वर मेनूबारही.

लोटसवरून आठवलं. त्या प्रोग्रॅममध्ये ४६९ आज्ञा पन्नासहून जास्त मेनूंमध्ये रचलेल्या होत्या. बोर्लंड कंपनीने आपल्या क्वाट्रो प्रो या स्प्रेडशीटमध्ये तीच रचना वापरायची सोय दिली, कारण गिऱ्हाइकांचे हात आणि त्यांनी लिहिलेले मॅक्रो, म्हणजे आज्ञांच्या साठवलेल्या मालिका, त्या रचनेला सरावलेले होते. लोटसने दावा लावला. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या अपिली न्यायालयाने सांगितलं की मेनूची रचना ही काम करण्याची पद्धत आहे, तिच्यावर कॉपीराइट चालत नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मतं चार-चार अशी समान पडली आणि तो निकाल कायम राहिला. दोन मोठ्या कंपन्या वर्षानुवर्षं कोर्टात भांडल्या त्या मेनूच्या रचनेवरून, कारण गिऱ्हाईक कशाला धरून राहतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. तुम्ही मात्र तीच गोष्ट स्वतःहून टाकून देताय.

‘वर सर्च दिला आहे, हवं ते टाइप करा’, हे तिसरं उत्तर. सर्च चांगला आहे, असू द्या. पण ज्याला नाव ठाऊक आहे त्यालाच शोधता येतं. शिवाय ‘सोनेतारण’ मराठीत टाइप करायचं तर आधी कीबोर्डची भाषा बदला, मग शोधा, मग रक्कम भरायला परत बदला. ‘सोने तारण’ असं तोडून लिहिलं तर तुमचा सर्च ‘काहीही आढळले नाही’ म्हणतो, हेही जाताजाता सांगून ठेवते.

खर्चाचं म्हणाल तर मेनू तुमच्याकडे टेबलात आहेच. ओळीचा क्रमांक, ती कुणाच्या पोटात, क्रम, नाव, अधिकार. अधिकार देण्याच्या स्क्रीनवर तीच यादी आम्हाला झाडासारखी उलगडून दिसते. त्याच टेबलातून वर आडवी ओळ काढायची आहे. त्यात कळेचा एक रकाना वाढवा आणि ‘ही ओळ केव्हा फिकी’ याचा एक. ज्याने कधी मेनू लिहिला आहे त्याला हे किती दिवसांचं काम आहे ते कळतं.

आमच्या मागण्या अशा:

१. मोठ्या पडद्यावर मेनूबार कायम दिसावा, शब्दांत आणि मराठीत. चित्रं हवी तर शब्दांच्या शेजारी ठेवा, शब्दांऐवजी नको.

२. ओळींच्या जागा ठरलेल्या असाव्यात. ‘अलीकडे वापरलेले’ ठेवायचंच असेल तर वेगळ्या मेनूत, आणि बंद करता येईल असं.

३. आत्ता न चालणारी ओळ फिकी दिसावी आणि का चालत नाही ते तिथेच कळावं.

४. जुन्या आवृत्तीतल्या कळा जिथे शक्य तिथे तशाच, बाकीच्या नव्या, आणि सगळ्यांचा छापता येईल असा तक्ता. एफ-फाइव्हमुळे भरलेलं व्हाउचर जाता कामा नये.

५. उपयाद्या दोन पातळ्यांपेक्षा खोल नकोत, आणि तिरक्या माउसने मिटणाऱ्या नकोत.

६. दिवसअखेर, खातं बंद करणं, नोंद रद्द करणं या गोष्टी रेघ मारून वेगळ्या कराव्यात.

७. संपूर्ण मेनू नुसत्या कीबोर्डवर आणि स्क्रीन रीडरवर चालवून, तपासून द्यावा. तपासताना तो रोज वापरणारा माणूस समोर असावा. आमचे सहकारी यायला तयार आहेत.

८. हे होईपर्यंत जुनी आवृत्ती चालू ठेवावी. ३१ मार्च ही तारीख ज्याने निवडली त्याने पतसंस्थेतला मार्च पाहिलेला नाही. वसुलीची धावपळ, व्याजाच्या नोंदी, ताळेबंद, नफा-तोटा, आणि त्यातच आवृत्ती बदल. निदान लेखापरीक्षण आटोपेपर्यंत, म्हणजे जूनअखेरपर्यंत मुदत द्या.

तुमच्या डिझायनरपैकी कुणालाही आमच्या कुठल्याही शाखेत काउंटरच्या आत खुर्ची मिळेल. महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास या, पगार आणि पेन्शनची गर्दी असते. मेनू बघू नका, क्लार्कचे हात बघा.

या पत्राची प्रत तालुक्यातल्या इतर पतसंस्थांनाही दिली आहे. ज्यांना पटेल त्यांनी आपापल्या पुरवठादाराला ती पाठवावी, मजकुरात बदल केला तरी माझी हरकत नाही. आमच्या पुरवठादाराकडून लेखी उत्तर १५ मार्चपर्यंत अपेक्षित आहे. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या संचालक मंडळाची सभा आहे आणि वार्षिक देखभाल कराराच्या नूतनीकरणाचा विषय त्याच सभेपुढे आहे.

कळावे,

संगणक विभाग,
एक नागरी सहकारी पतसंस्था, जि. कोल्हापूर